सीट तेवढी हलवू नका

गाडी गेली ही बातमी कॉलनीत पितृपंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पसरली आणि चहाच्या वेळेपर्यंत माणसं भेटायला यायला लागली.

गेली म्हणजे चोरीला गेली नव्हती. पोर्चमध्ये होती तिथंच उभी होती. पांढरी, धुतलेली, चारी चाकांत हवा भरलेली. चिंतामणराव तिला सुरू करायला गेले आणि त्यांनी किल्लीचं बटण दाबलं, तर एरवी टुक करून दिवे मिचकावणारी गाडी गप्प. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली ओढून त्यांनी दार उघडलं, आत बसले, ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक हलेना. भिंतीला पाय लावल्यासारखं वाटलं. गाडी सुरू करायचं गोल बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही, हॉर्नसुद्धा नाही.

"कधी गेली?" समोरच्या घरातल्या गृहस्थांनी फाटकातूनच विचारलं.

"रात्रीत कधीतरी."

"काल ठीक होती?"

"काल बघितलं नाही."

"आधी काही त्रास वगैरे?"

"काही नाही. अचानकच."

हे प्रश्न चिंतामणरावांना पाठ होते. आदल्या वर्षी आषाढात विनोदिनीबाई गेल्या तेव्हा हेच प्रश्न, याच क्रमानं, याच माणसांनी विचारले होते आणि त्यांची उत्तरंही हीच होती. फरक एवढाच, की तेव्हा लोक खाली मान घालून बसले होते आणि पाणीसुद्धा न घेता उठले होते. गाडीच्या वेळी उभ्यानंच आले आणि चहा घेऊन गेले.

चिंतामणराव डगमगणाऱ्यांतले नव्हते. साताऱ्याच्या एमआयडीसीत गिअर तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली होती. माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि पटला नाही तर लाल चिठ्ठी चिकटवायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी चिठ्ठी लावलेला गिअर मालकाच्या मेहुण्यालाही पास करून घेता आला नव्हता. असा माणूस घरच्या गाडीपुढं हार मानेल, हे शक्यच नव्हतं. आणि हार मानून चालणारही नव्हतं, कारण नवमी आठवड्यावर आली होती.

सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं या पंधरवड्यातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवायला घालतात, तिची ओटी भरतात. वर्षाच्या आत ती करत नाहीत, म्हणून विनोदिनीबाईंची ही पहिलीच नवमी. मुलगा नाही, एक मुलगी, स्वानंदी, ती सांगलीला. तिनं आपल्या घरी सगळं करायचं ठरवलं. जेवायला बोलवायचं ते शेजारच्या अंबूबाईंनाच, यावर बापलेकीचं एकमत होतं. अंबूबाई आणि विनोदिनीबाई यांची घरं वेगळी असली तरी विरजण एकच होतं.

पण त्याच फोनवर स्वानंदी दुसरंही बोलली होती.

"बाबा, गाडी नुसती उभी आहे. मी दोन महिन्यांनी येऊन एक चक्कर मारते, तेवढीच. इथं हळदपेठेतले नानासो म्हणून आहेत, त्यांना हवीय. तुम्ही ती चालवणार आहात का? खरं सांगा."

गाडी विनोदिनीबाईंची होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली, गुडघे दुखतात म्हणून क्लचची भानगड नसलेली घेतली, आणि त्यांनीच चालवली. चिंतामणराव डाव्या बाजूला बसायचे, समोर ट्रक दिसला की पाय पुढं रेटायचे, आणि विनोदिनीबाई म्हणायच्या, "अहो, तिकडं ब्रेक नाहीये." चिंतामणरावांकडं लायसन्स होतं. ते पाकिटात होतं. या उन्हाळ्यात मात्र त्यांनी कुणाला न सांगता एका ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी लावली होती आणि त्या मास्तरांनी त्यांना मोळाच्या ओढ्यापासून वाढे फाट्यापर्यंत नेऊन आणून पास केलं होतं. त्यामुळं त्यांनी स्वानंदीला जे उत्तर दिलं ते पूर्ण खात्रीनं दिलं.

"नवमीला मी गाडी घेऊन सांगलीला येतो. सुभेदार आणि वहिनींना घेऊन. आलो तर गाडी राहिली. नाही आलो तर नानासोंना दे."

असं बोलून झाल्यावर दुसऱ्या सकाळी गाडी गेली.

पहिले मदतीला आले ते सुभेदार आकाराम, म्हणजे अंबूबाईंचे यजमान. साताऱ्यात कुठंही दगड मारला तर तो निवृत्त फौजीच्या अंगणात पडतो, पण सुभेदारांसारखा फौजी कॉलनीत दुसरा नव्हता. त्यांनी बर्फातल्या घाटांत फौजेचे ट्रक चालवले होते आणि त्यापुढं साताऱ्यातल्या कुठल्याही वाहनाला ते खेळणंच समजत.

"सरका चिंतामणराव. फौजी हात लागू द्या."

सुभेदार सहा फूट उंच. विनोदिनीबाई पाच फुटांनाही थोड्या कमी. सीट विनोदिनीबाईंच्या मापाची, पार पुढं ओढलेली. सुभेदार आत शिरले तेव्हा त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले आणि त्यांची मिशी हॉर्नवर टेकली.

"आवं, ही सीट मागं घ्यायला पायजे की." त्यांनी सीटखालच्या दांडीला हात घातला.

"सीट तेवढी हलवू नका," चिंतामणराव म्हणाले.

"का वं?"

"स्वानंदीची सेटिंग आहे ती. ती आली की तिला लागते."

हे खोटं नव्हतं. स्वानंदी आईच्याच उंचीची होती. सुभेदारांनी एकदा चिंतामणरावांकडं बघितलं, दांडीवरचा हात काढून घेतला आणि गुडघ्यांच्या मधून पाय नेऊन ब्रेक दाबला. कवायतीसारखा, आकडे मोजत दाबला.

"लय टाइट. जाम झालाय पार."

मग समोरचे गृहस्थ बसले. त्यांनी दाबून बघितला. कोपऱ्यावरच्या घरातले पेन्शनर बसले. त्यांनी चप्पल काढून दाबला. दूध घालायला आलेल्या माणसानं बसायला नकोच म्हटलं, बाहेरूनच वाकून हातानं दाबला. प्रत्येक जण उतरताना "टाइट आहे" असं सांगून गेला आणि चिंतामणरावांनी प्रत्येकाला "तेच म्हणतोय मी" असं सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. इंजिन बंद असताना कुठल्याही गाडीचा ब्रेक दोन-चारदा दाबला की तो आपोआप घट्ट होतो. त्याला पायाखाली मऊ ठेवणारी जी ओढ असते ती इंजिन चालू असेल तरच मिळते. बंद गाडीत उरलीसुरली असेल ती दोन दाबांत संपते. त्यामुळं घट्ट झालाय का हे बघायला दाबायचा आणि दाबला म्हणून घट्ट व्हायचा, असं ते चाललं होतं. कॉलनीत दोनदाच दाबून उठणारा माणूस नव्हता.

तिसऱ्या दिवशी जोतिबा मेकॅनिक आला. त्याचं पोट मोठं होतं, त्यामुळं त्या सीटवर तो अर्धाच मावला; उजवा पाय शेवटपर्यंत बाहेर राहिला. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि दोन आजार सांगितले.

"बॅटरी उतरलीय. संपलीय म्हणा. नवीन टाका. आणि ब्रेकचं म्हणाल तर मास्टर सिलेंडर. खोलायला लागंल. गाडी गॅरेजला वढून न्यावी लागंल."

"नवमीच्या आत होईल?"

"न्हाई जमायचं. पोरं कामावर न्हाईत. गणपतीत नाचून समदी आजारी पडल्यात."

चिंतामणरावांनी जोतिबाच्या दुसऱ्या निदानाला मनातल्या मनात लाल चिठ्ठी लावली, कारण स्वानंदीच्या पायाखाली तोच ब्रेक श्रावणाआधी नीट चालला होता. पण बॅटरीचं त्यांना पटलं. पाकीट खिशात घालून ते पोवई नाक्याकडं निघाले, तोच भिंतीपलीकडून अंबूबाई बोलल्या.

"भावजी, कुठं निघालायसा?"

"बॅटरी आणायला."

"नवी?"

"नवीच."

"पंधरवड्यात?"

चिंतामणराव फाटकात थांबले. पितृपंधरवड्यात नवी वस्तू आणायची नाही, यावर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. पण विनोदिनीबाईंचा होता. केरसुणी मोडली तर या पंधरवड्यात त्या शेजारून मागून झाडायच्या, पण नवी आणायच्या नाहीत. त्यांच्याच नवमीला, त्यांच्याच गाडीत, त्यांनी कधी न मोडलेला नियम मोडून बसवलेली बॅटरी चिंतामणरावांना बरी वाटेना. ते परत आले. पाकीट कपाटात ठेवलं.

यावर दुपारी पोर्चमध्ये मोठी चर्चा झाली. समोरच्या गृहस्थांचं म्हणणं, जुनी विकत घेतली तर चालेल, कारण ती नवी नाही. पेन्शनर म्हणाले, विकत घेणं हेच नवं. कुणी म्हणालं हप्त्यानं घ्या, म्हणजे पंधरवडा संपेपर्यंत ती आपली नसतेच. शेवटी अंबूबाईंनी निकाल दिला.

"उसनी चालती. पितरांनी उसनं कवा नको म्हटलंय?"

उसनी बॅटरी कुणाकडं आहे? ती होती कॉलनीच्या गणेश मंडळाकडं. विसर्जन होऊन मोजके दिवस झाले होते आणि जनरेटरची बॅटरी पुढल्या भाद्रपदापर्यंत नुसती पडून होती. ती सुभेदारांच्या मागच्या खोलीत होती, कारण मंडळाचं सगळं सामान तिथंच असे. मंडळाचे अध्यक्ष सुभेदार होते. खजिनदारही तेच होते, कारण आधीच्या खजिनदारांची पुण्याला बदली झाली होती.

"मग आणा की," चिंतामणराव म्हणाले.

"अर्ज द्या," सुभेदार म्हणाले.

"कुणाला?"

"अध्यक्षांना."

"म्हणजे तुम्हालाच ना?"

"शेजारी म्हणून मी तुमच्यासाठी जीव दीन. पण वस्तू मंडळाची हाय. फौजेत आमी सुईसुद्धा सहीशिवाय सोडली न्हाई."

चिंतामणरावांनी अर्ज लिहिला. 'गाडी सुरू करण्यासाठी बॅटरी मिळावी.' सुभेदारांनी तो चष्मा लावून उभ्यानं वाचला आणि परत केला. खासगी वाहन सुरू करणं मंडळाच्या उद्देशांत बसत नव्हतं.

सगळा जन्म इतरांचा माल नाकारण्यात गेलेल्या माणसाला आपला अर्ज असा परत आलेला बघून काय वाटलं असेल, ते त्यालाच माहीत. चिंतामणराव अर्ज घेऊन घरी आले, पंख्याखाली बसले, पाणी प्यायले. मग त्यांनी नवा अर्ज लिहिला. 'एका सवाष्णीच्या कार्यात आलेलं विघ्न दूर करण्यासाठी बॅटरी मिळावी.'

"विघ्न दूर करणं हे आपल्या उद्देशात पयल्या नंबरला हाय," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग शेजारी म्हणून स्वतःच ती बॅटरी खांद्यावर घेऊन आले.

बॅटरी मापाला थोडी लहान निघाली. काथ्यानं बांधली. तारा जोडल्या आणि गाडीचे दिवे लागले, तेव्हा पोर्चमध्ये जमलेल्या चार-पाच माणसांनी नकळत "मोरया" म्हटलं.

पण गाडी सुरू होईना. समोरच्या पडद्यावर एका पायाचं चित्र आलं आणि ते लुकलुकत राहिलं. ब्रेक दाबा, असं गाडी सांगत होती. चिंतामणराव दाबत होते. त्यांचीही उंची सुभेदारांपेक्षा फार कमी नव्हती. गुडघे स्टिअरिंगला अडकलेले, मांडी वर उचललेली. नुसत्या घोट्याच्या जोरावर जेवढं दाबता येईल तेवढं ते दाबत होते, आणि ब्रेक तसूभरही आत जात नव्हता. चित्रातला पाय लुकलुकतच होता.

त्यांनी सांगलीला फोन लावला.

"स्वानंदी, तू बसलीस की ही गाडी कशी गं सुरू होते?"

"लगेच होते बाबा. ब्रेक जोरात दाबा."

"दाबतोय."

"तसं नाही. पाय सरळ करून, अंगाचा सगळा जोर लावून."

"इथं पाय सरळ करायला जागा नाही."

"मग सीट जरा..." असं म्हणून स्वानंदी थांबली. "बरं बाबा. बघा कसं जमतंय ते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढचे दिवस कॉलनीनं आपापल्या परीनं प्रयत्न केले. पेन्शनरांनी ब्रेकच्या सांध्यात खोबरेल सोडलं. त्यानं ब्रेक सैल झाला नाही, पण गाडीला तेल लावून न्हाऊ घातलेल्या पोरासारखा वास यायला लागला. सुभेदारांनी ठरवलं की गाडी ढकलून सुरू करायची. क्लच नसलेली गाडी ढकलून सुरू होत नाही, हे चिंतामणरावांनी त्यांना सांगून बघितलं. "फौजेत ढकलून सुरू न होणारं कायबी नसतंय," असं म्हणून सुभेदारांनी फोन फिरवले आणि संध्याकाळी कॉलनीतले आणि आसपासचे निवृत्त जवान पोर्चमध्ये हजर झाले. कुणी तोफखान्यातला, कुणी मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, एक तर नेव्हीतला. सगळ्यांनी मागून खांदे लावले. "जोर लगाके" झालं. गाडी पुढं झुकली, मागं झुकली आणि होती तिथंच उभी राहिली, कारण ती उभी करायच्या गिअरमध्ये होती आणि त्या गिअरमधून तिला बाहेर काढायचं तर ब्रेक दाबावा लागत होता. जवानांनी चहा घेतला, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ते गेले. नेव्हीतल्या गृहस्थांनी जाता जाता एकदा ब्रेक दाबून बघितला.

नवमी उजाडली. सातच्या सुमाराला एसटीनं जायचं ठरलं होतं. चिंतामणरावांनी स्वानंदीला फोन केला नव्हता. एसटीनं येतोय हे सांगायला तोंड एकदा उघडावं लागणार होतं, ते सांगलीत पोचल्यावर उघडू, असा त्यांनी विचार केला होता. स्वानंदीनं बोलावलेले नानासो दुपारी गाडीचं विचारायला येणार, हे त्यांना माहीत होतं. ते पोर्चमध्ये गेले आणि दार उघडून डाव्या सीटवर बसले. बसायचं कारण काही नव्हतं. निघायला अजून वेळ होता आणि ती त्यांची नेहमीची जागा होती.

तेवढ्यात अंबूबाई आल्या. सवाष्णीचा मान म्हणून नटून आल्या होत्या. हिरवं लुगडं, नथ, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर.

"चला की भावजी. एसटी जाईल."

"चला."

पण चिंतामणराव उठेनात. अंबूबाईंनी गाडीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं.

"समद्या गल्लीनं दाबून बघितला. दूधवाल्यानंसुद्धा. मला कुणी इचारलं का?"

"तुम्हाला गाडी येते का वहिनी?"

"त्या नेव्हीवाल्याला तरी कुठं येत हुती? त्यो बोटीतला." असं म्हणून त्या पलीकडून फिरून आल्या आणि लुगडं सावरत सरळ आत बसल्या. सुभेदार पिशव्या घेऊन फाटकाशी आले होते, ते तिथंच थबकले.

अंबूबाई त्या सीटवर अडकल्या नाहीत. गुडघे वर आले नाहीत, मान वाकली नाही, पाठ सीटला नीट टेकली. उंचीनं त्या विनोदिनीबाईंएवढ्याच होत्या. चिंतामणरावांनी समोर काचेतून बाहेर बघितलं. उजवीकडून बांगड्यांचा आवाज येत होता. उजवीकडं बघायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

"ह्योच का डावीकडचा?" अंबूबाईंनी विचारलं.

"तोच. दाबा."

अंबूबाईंनी एक पाय ठेवला, मग दुसराही ठेवला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि पाय सरळ करून, जात्याला जोर लावावा तसा अंगाचा सगळा भार ब्रेकवर घातला. ब्रेक करकरत खाली गेला. पडद्यावरच्या पायाचं लुकलुकणं थांबलं आणि त्याच्याभोवती हिरवा दिवा लागला. चिंतामणरावांनी डाव्या सीटवरूनच हात लांब करून गोल बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

"आवं!" अंबूबाई ओरडल्या. "आवं, ही चालू झाली! थांबवा! पाय काढू का?"

"काढू नका!"

"काढू का नको?"

"काढा, काढा! उभ्या गिअरमध्ये आहे, कुठं जात नाही!"

"आधी काय त्ये एक सांगा! आणि ह्यो ब्रेक लोण्यावाणी झाला की वं! खाली चाललाय!"

इंजिन सुरू झाल्याबरोबर ब्रेक खरोखरच मऊ झाला होता. सुभेदार पिशव्या टाकून धावत आले, त्यांनी बायकोला बखोटीला धरून बाहेर काढलं आणि आधी तिला सॅल्यूट ठोकला.

"एसटी रद्द," चिंतामणराव म्हणाले. "आणि आता हिला बंद करायची नाही. मंडळाच्या बॅटरीचा भरवसा नाही. सांगलीपर्यंत चालूच ठेवायची."

ते उजवीकडं आले आणि सीटवर बसले. गुडघे स्टिअरिंगला लागले. ब्रेकवरचा पाय उचलून शेजारच्या पेडलवर न्यायला गेले तर मांडी अडकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकली.

"मी चालवतो," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "पर मलाबी मागं घ्यावी लागंल."

गाडी चालू होती. सांगलीला स्वयंपाक सुरू झाला असेल.

चिंतामणरावांनी हात खाली घातला, सीटखालची दांडी वर ओढली आणि पायानं जमीन रेटली. सीट खटखट करत मागं गेली. पाय सरळ झाले. एवढंच झालं. दुसरं काही झालं नाही.

"बसा," ते म्हणाले. "उशीर होतोय."

हायवेला लागल्यावर चिंतामणरावांना कळलं की आपल्याला गाडी चांगली येते. मास्तरांनी शिकवलं होतं त्याहून थोडी जास्तच येते. डाव्या बाजूला बसलेल्या, बर्फातल्या घाटांत ट्रक चालवलेल्या सुभेदारांनी मात्र उंब्रजला ट्रक दिसला तेव्हा पाय पुढं रेटला, कराडला पुलावर रेटला आणि पेठ नाक्याला तर दोन्ही पाय रेटले. प्रत्येक वेळी मागून अंबूबाई हसल्या. मधला आरसा विनोदिनीबाईंच्या उंचीला लावलेला, चिंतामणरावांच्या कामाचा नव्हता. त्यात रस्ता दिसत नव्हता, मागची सीट आणि अंबूबाईंच्या मांडीवरची पिशवी दिसत होती. बाहेरच्या दोन आरशांवर त्यांनी भागवलं.

"आरसा करा की वर," सुभेदार म्हणाले.

"सांगलीत बघू."

विश्रामबागला स्वानंदीच्या इमारतीखाली गाडी लागली, पण बंद झाली नाही. वर जाऊन सगळ्यांनी एकदम जेवणं त्यामुळं शक्य नव्हतं. चालू गाडीजवळ कुणीतरी थांबायला हवं. सुभेदारांनी पहारा आपल्याकडं घेतला. वर स्वानंदीनं अंबूबाईंचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली, खीर वाढली. अंबूबाई जेवता जेवता दोनदा रडल्या आणि दोन्ही वेळा रडून झाल्यावर खीर मागून घेतली. खालून इंजिनचा आवाज येत होता.

"चालू का ठेवलीय बाबा?" स्वानंदीनं विचारलं.

"आपलं जेवण होईपर्यंत," चिंतामणराव म्हणाले.

जेवून ते खाली आले तेव्हा नानासो पोचले होते. पांढरे कपडे, बाह्यांवर हळदीची झाक. चालू गाडीभोवती ते दोन फेऱ्या मारून झाले होते आणि सुभेदार त्यांच्या मागोमाग तेवढ्याच फेऱ्या मारत होते.

"काका, पंधरवड्यात मी व्यवहार करत न्हाई. नुसतं बघायला आलोय. घटस्थापनेनंतर बोलू. पण गाडी झकास दिसती."

चिंतामणरावांनी दिलेला शब्द पाळला होता. गाडी आली होती, म्हणजे ती राहणार होती. तेवढं सांगून ते वर जाऊ शकले असते. पण समोर माल होता आणि एक माणूस त्याला झकास म्हणत होता. सगळ्या नोकरीत त्यांनी हे कधी चालू दिलं नव्हतं.

"झकास नाही," ते म्हणाले. "नीट ऐका. बॅटरी गाडीची नाही, गणपतीची आहे. काथ्यानं बांधलीय. बंद केली तर सुरू होईल याची खात्री नाही. सुरू करायला या बाई लागतात." अंबूबाई जिन्यावरून उतरत होत्या, त्यांच्याकडं त्यांनी बोट केलं. "ब्रेक सगळ्या कॉलनीनं दाबलाय, आत खोबरेल आहे. मागून निवृत्त सैनिकांनी रेटलीय, डिकीच्या पत्र्याला खांद्यांचे पोचे आहेत. पीयूसीची मुदत मागच्या महिन्यात संपलीय, ती अजून काढायची राहिलीय. गाडी रिजेक्ट."

नानासो बघत राहिले. "काका, तुम्ही गाडी दाखवायला आलाय का तिची कुंडली सांगायला?"

"तपासायला आलोय. ही गाडी बाहेर द्यायची नाही."

"मग मला कशाला बोलावलंत हो ताई?" नानासोंनी जिन्याकडं बघून विचारलं.

स्वानंदी अंबूबाईंच्या मागं उभी होती. ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग जिन्यावर बसली आणि हसत राहिली. आषाढापासून, म्हणजे आदल्या आषाढापासून, चिंतामणरावांनी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. नानासोही शेवटी हसले, त्यांना वर नेऊन खीर दिली, आणि जाताना त्यांनी सुभेदारांच्या हातात राजापुरी हळदीची पुडी ठेवली.

सगळे वर गेल्यावर स्वानंदी गाडीत बसली. उजव्या बाजूला, आईच्या जागेवर. चिंतामणराव दाराला धरून बाहेर उभे होते.

"सीट मागं घेतली," ती म्हणाली.

"हो. आज सकाळी."

तिचे पाय पोचत नव्हते. ब्रेकपासून वीतभर अलीकडं ते लोंबत होते. तिनं दांडीला हात लावला नाही. तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"तुम्ही नीट चालवलीत ना बाबा?"

"चांगली चालवली. सुभेदारांना विचार."

"मग दिवाळीला मला न्यायला या."

"येतो."

चिंतामणरावांनी परतीचा रस्ताही स्वतःच काढला. मंडळाची बॅटरी त्यांनी दुसऱ्या दिवशी पोच घेऊन जमा केली. घटस्थापनेला पोवई नाक्यावरून नवी आणून बसवली, पीयूसी काढली, आणि त्यानंतर गाडी रोज सकाळी पहिल्या दाबात सुरू होते. आता ते तिला कधी रहिमतपूरला बाजाराला नेतात, कधी अंबूबाईंना दवाखान्यात. मधला आरसा तेवढा अजून वर करून घ्यायचा राहिला आहे.